तापाचा कितवा दिवस?

भाद्रपद लागला की जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या रुग्णांची रांग लागते. मंठा असो, भोकरदन असो की घनसावंगी, येणाऱ्यांचं म्हणणं एकाच सुरात असतं. कणकण आहे, अंग मोडून आलंय, तोंडाला चव नाही, एक सलाईन लावा म्हणजे उठून उभा राहतो. सोयाबीन काढणीला येऊ घातलेलं असतं, कापसाची वेचणी तोंडावर असते आणि आजारी पडायला कोणालाच सवड नसते. या रांगेतल्या बहुतेकांचा ताप पाच-सात दिवसांत आपोआप उतरणारा असतो. एखाद-दुसऱ्याचा मात्र जिवावर बेतू शकतो. तो एखाद-दुसरा कोण, हे ओळखायला डॉक्टरच्या हाती माणशी जेमतेम चार-पाच मिनिटं असतात.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांहून अधिक लोकसंख्या. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते थेट २०२४ मध्ये. त्याआधी प्रकृती हाताबाहेर जाऊ लागली की नातेवाईक एकच वाक्य ऐकत: ‘घाटीला न्या.’ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय. परतूर किंवा मंठ्याहून घाटी गाठायची तर गाडीत काही तास जातात. त्यामुळे कोणाला घरी पाठवायचं, कोणाला खाटेवर ठेवायचं आणि कोणासाठी रुग्णवाहिका बोलवायची, हा निर्णय इथे पिढ्यान्‌पिढ्या गावपातळीवर झाला आहे. तोही मनगटावरचं घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा, बोटं आणि प्रश्न एवढ्याच साधनांवर. वैद्यकशास्त्रातल्या मोठ्या शोधांची यादी करताना आपण क्ष-किरण आणि पेनिसिलिन मोजतो. या हातच्या कसोट्यांना त्या यादीत जागा मिळत नाही. ती मिळायला हवी असं माझं मत आहे, आणि का ते पुढे येईलच.

डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, ‘ताप येऊन आज कितवा दिवस?’ ताप किती आहे हे त्यानंतर. हा प्रश्न वरकरणी सरधोपट वाटतो, पण निम्मं निदान त्याच्या उत्तरात दडलेलं असतं. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन रक्तात पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं. त्यानंतर ते ओसरतं आणि शरीरानं तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात. म्हणजे सातव्या दिवशी एनएस-१ तपासून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं चूक, आणि दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून तसं म्हणणंही चूक. टायफॉइडचे जंतू रक्तात पहिल्या आठवड्यात सर्वांत सहज सापडतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर विचार क्षयरोगाकडे वळतो. ‘दोन-चार दिवस झाले असतील’ एवढ्यावर डॉक्टर समाधान मानत नाही, तो खोदून विचारतो: आठवडी बाजाराच्या आधी की नंतर, पोळ्याच्या दिवशी जेवला होतात का?

ताप हा स्वतः रोग नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य सर्वांना ठाऊक असतं. त्यामागची यंत्रणा मात्र खरोखर थक्क करणारी आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींतून निघणाऱ्या रसायनांमुळे तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि राखायची पातळीच वर चढते. मग ३७ अंशांचं शरीर त्या नव्या पातळीच्या मानानं थंड पडतं. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करू लागतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, माणूस गोधडी मागतो. हीच हुडहुडी. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनला अडवतं, म्हणून घाम फुटून ताप उतरतो. जंतू मात्र जागच्या जागी राहतात. ३७ अंशांचा आकडा रुजवला जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी. सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदींच्या आधारे त्यांनी १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि तापाचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकू लागला.

हिवतापाची गोष्ट जालन्याला वाटतं त्यापेक्षा जवळची आहे. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं, आणि एकोणिसाव्या शतकात गावाला लागून लष्करी छावणीही होती. त्याच राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर डास चिरत बसत. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण त्यांच्याकडे होता. त्याला चावलेल्या दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसना हिवतापाच्या जंतूंच्या गाठी दिसल्या. हिवताप डासामुळे पसरतो याचा तो पहिला ठोस दुवा. १९०२ मध्ये रॉसना नोबेल पारितोषिक मिळालं.

हिवताप शोधायची मुख्य पद्धत आजही सूक्ष्मदर्शकाचीच आहे. आरोग्य सेवक बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे दोन थर घेतो, एक जाड आणि एक पातळ. जाड थरात जंतू आहेत की नाहीत ते कळतं, पातळ थरात जात कळते. व्हायवॅक्स जातीला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन लागतं. हे चौदा दिवस कशासाठी, असं रुग्ण विचारतो आणि तो विचारतो ते बरोबरच आहे, कारण ताप तर तिसऱ्या दिवशीच गेलेला असतो. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन. फॅल्सिपॅरम ही घातक जात, ती मेंदूपर्यंत जाते, तिला आर्टेमिसिनिनवर आधारलेली जोडगोळी द्यावी लागते. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार आता गडचिरोलीवर आणि मुंबईवर आहे; जालन्यात त्याची जागा दुसऱ्याच डासानं घेतली आहे.

हा डास एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. त्याला गटार आवडत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. आणि जालन्याचा सारा संसारच साठवलेल्या पाण्यावर चालतो. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. शहराला घाणेवाडीचा निजामकालीन जलाशय आणि पैठणहून येणारी जायकवाडीची जलवाहिनी असे दोन आधार आहेत, तरी नळाला रोज पाणी येईल अशी आशा कोणी धरत नाही. म्हणून प्रत्येक घरात हौद, रांजण, गच्चीवर टाकी आणि अंगणात निळे ड्रम. डेंग्यूला आपण पावसाळी आजार म्हणतो, पण कोरड्या मुलखात तो टंचाईचाही आजार आहे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा चढलं की आठ-दहा दिवसांत त्यांतून डास उडतो. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ या भिंतीवरच्या घोषणेचा हिशेब इथे आहे: डास पूर्ण वाढायच्या आत भांडं रिकामं करून कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, अंडी कडेलाच राहतात. हौद रिकामा करायला सांगणं मात्र टंचाईच्या गावात क्रूरपणाचंच ठरतं. तिथे घट्ट झाकण, गप्पी मासे, नाहीतर आशाताई आणि आरोग्य सेवक टाकतात ते अबेटचं द्रावण, हेच उपाय खरे.

डेंग्यूचा रुग्ण तपासणं ही वैद्यकातली एक विलक्षण गोष्ट आहे, कारण इथे ताप उतरला की धोका सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप ओसरतो, घरचे निश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो आणि उरलेलं रक्त दाट होतं. हृदयाला ढकलायला द्रवच कमी पडतो. या टप्प्यावर रक्तदाब मोजला तर वरचा आकडा कधी कधी चांगला शंभर दिसतो आणि नवखा माणूस फसतो. कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा धरून ठेवतं, त्यात खालचा आकडा वर सरकतो. वरचा शंभर आणि खालचा पंच्याऐंशी, म्हणजे दोहोंतलं अंतर पंधरा. हे अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक समजायचा, वरचा आकडा काहीही सांगो. दोन आकड्यांच्या वजाबाकीत माणसाचा जीव असतो, ही गोष्ट मला कुठल्याही स्कॅनपेक्षा अद्‌भुत वाटते.

याला जोडून आणखी दोन कसोट्या. रुग्णाच्या बोटाचं टोक पाच सेकंद दाबून धरायचं, सोडायचं आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. दोन सेकंदांहून अधिक लागला तर रक्त कडेपर्यंत पोचत नाही. दुसरी टुर्निके चाचणी: रक्तदाबाचा पट्टा वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध फुगवून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग दंडाच्या खाली एका चौरस इंचात लाल ठिपके मोजायचे. दहा किंवा अधिक ठिपके म्हणजे डेंग्यूची शंका बळावली. ही चाचणी एकटीनं निकाल देत नाही, पण वीज नसलेल्या उपकेंद्रातही करता येते.

लोकांचं लक्ष मात्र पेशींवर, म्हणजे प्लेटलेटवर. ‘पेशी किती झाल्या?’ हा प्रश्न डेंग्यूच्या दिवसांत जालन्याच्या प्रत्येक रक्त-लघवी तपासणीच्या दुकानासमोर ऐकू येतो. दीड लाखांच्या खाली आकडा गेला की पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, किवीची फळं अशी धावाधाव सुरू होते. प्लेटलेट डेंग्यूत कमी होतात हे खरं, पण रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर असताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेटची पिशवी चढवायची गरज नसते. सहाव्या-सातव्या दिवसानंतर त्या आपोआप वाढतात, श्रेय मग पपईला जातं. जीव जातो तो बहुधा पाझरण्यामुळे. म्हणून डॉक्टर पेशींइतकंच हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्त किती दाट झालं याकडे पाहतो. सतत पोटात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती किंवा अस्वस्थता यांतलं एकही लक्षण दिसलं तर रुग्णाला दाखल करायचं. सलाईन द्यायचं, पण तासाच्या हिशेबानं मोजून. पाझरलेला द्रव दोन दिवसांत रक्तात परत येतो. तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. तोंडानं पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला हौसेनं लावलेलं सलाईन निरुपद्रवी असतं, हा समज म्हणूनच धोक्याचा. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरतं.

याच डासाचा दुसरा पाहुणा चिकनगुनिया. १९७३ मध्ये त्याची साथ सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आली होती. मग तो देशातून जवळजवळ गडप झाला आणि तीन दशकांनी, २००५-०६ मध्ये, आंध्र, कर्नाटक आणि मराठवाड्यासह महाराष्ट्रात उसळून आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं तपासलं तर या वेळचा विषाणू आफ्रिकी वंशाचा निघाला. गुडघे, घोटे, मनगटं धरून बसलेली माणसं तेव्हा गावोगाव दिसत होती. जीव सहसा जात नाही, पण सांधे महिनोन्‌महिने छळतात.

खाटेशेजारी बसून तासागणिक नोंद ठेवण्याच्या शिस्तीचा सर्वांत मोठा दाखला जालन्याच्याच मातीतला आहे, जरी तो संसर्गाचा नाही. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, पटापट मरत. वेदना थांबवायची इंजेक्शनं दिली जात आणि रुग्ण तरीही जात. बावस्करांनी रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपली: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आधी चढणारा रक्तदाब आणि मग फुप्फुसात भरणारं पाणी. विष हृदयावर घाव घालतं हे त्या नोंदींतून उलगडलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर लागू पडलं. ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. दंशानंतरच्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे महागडी यंत्रणा असती तर हा शोध लवकर लागला असता का, याबद्दल मला शंका आहे. जे दिसलं ते डोळ्यांनी दिसलं.

टायफॉइडकडे वळायचं तर विडालचं नाव टाळता येत नाही. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ मध्ये ही चाचणी बांधली. आज सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या तालुक्यांत तिच्यावर लोकांची भाबडी श्रद्धा आहे. ‘टायफॉइड निघाला’ असं ऐकू आलं की बहुधा विडाल पॉझिटिव्ह आलेली असते. ती रक्तातली प्रतिपिंडं मोजते; पण आपल्याकडे अनेकांना हे जंतू कधी ना कधी भेटून गेलेले असतात, लसही प्रतिपिंडं वाढवते, आणि इतर तापांतही आकडा वर जातो. एकाच नमुन्याची विडाल म्हणून फारसं काही सांगत नाही. खरी कसोटी रक्ताचं कल्चर, तेही प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतलेलं. इथेच गाडं अडतं, कारण केंद्रात पोचेपर्यंत रुग्णानं मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन गोळ्या घेतलेल्या असतात.

अनुभवी डॉक्टर मग खुणा जुळवतो. रोज थोडा थोडा वर चढणारा ताप, जिभेवर पांढरा थर पण कडा लाल, पोट फुगलेलं, प्लीहा हाताला लागणारी, आणि तापाच्या मानानं नाडी संथ. उपचाराला अझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन. एके काळी जादूचं वाटणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन भारतात या जंतूंपुढे बहुतांशी निकामी झालं आहे, आणि ते आपणच करून ठेवलं आहे. योग्य औषध सुरू झाल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ताप कायम पाहून रुग्ण डॉक्टर बदलतो, नवा डॉक्टर औषध बदलतो, आणि पाचव्या दिवशी ताप उतरल्याचं श्रेय दुसऱ्या पाटीला मिळतं. अपुरा डोस मात्र पहिल्या औषधाचा झालेला असतो. खरं तर हा रोग पाण्यातून येतो आणि थांबवायचाही पाण्यातच. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून दिली, जगात असं करणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांपैकी ते एक.

आता सर्वांत साध्या आणि माझ्या मते सर्वांत सुंदर कसोटीकडे येऊ. लहान मुलाला ताप आणि खोकला आहे. सर्दी आहे की न्यूमोनिया? स्टेथोस्कोप लावला तर मूल रडतं, आणि रडणाऱ्या छातीतलं काही कळत नाही. क्ष-किरण यंत्र तालुक्याला. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान यांनी दाखवलं की एवढ्या सगळ्याची गरजच नाही, मूल मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. फुप्फुसाचा भाग सुजून कडक झाला की प्रत्येक श्वासात कमी हवा आत जाते, मग मूल श्वासांची संख्या वाढवून तूट भरून काढतं. त्यावरून आकडे ठरले. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक श्वास घेत असेल तर न्यूमोनिया समजायचा. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट चालत नाहीत, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल, झटके आले असतील किंवा जागं करूनही उठत नसेल, तर मोजत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

ही कल्पना गावात उतरवली गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिथल्या दाया अनुभवी होत्या, पण अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक लाकडी साधन बनवलं: एक मिनिटाची वाळूची घडी आणि दोन सळयांवर ओवलेले मणी. एक सळई दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत मोजता येणाऱ्या निरक्षर बाईच्या हाती निदान आलं. त्या कामाचा निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावरही त्यांनी घरच्या घरी उपचाराची पद्धत उभी केली. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्या कार्यक्रमाचं मूळ या कामात आहे. भोकरदनच्या वाडीवरची आशाताई बाळाच्या पोटावर नजर ठेवून श्वास मोजते, तेव्हा गडचिरोली आणि पापुआ न्यू गिनी तिच्या नजरेत एकत्र आलेले असतात. उपचार? बहुतेक वेळा तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, तेवढंच.

जुलाबाचं गणितही असंच हाताचं आहे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती परत जागेवर बसायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पाणी फार कमी झालं आहे. त्याखालोखाल खोल गेलेले डोळे आणि पाणी पाहताच झडप घालणारं मूल. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे पटकी झालेल्यांसाठी सलाईन संपलं, तेव्हा त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपातून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणलं. आतडं कितीही बिघडलं तरी ग्लुकोजच्या जोडीनं मीठ शोषून घेतं, हे त्यामागचं गुपित. ओआरएसचं पाकीट आणि मुलांना चौदा दिवस झिंक, इतक्यात बहुतेक जुलाब आटोपतात. शौचात रक्त असेल किंवा पटकी असेल तरच प्रतिजैविक.

शेवटी क्षय. सरकारी केंद्रात थुंकीचा नमुना दिला की ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावर काही तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही, दोन्ही कळतं. ट्रूनॅट हे गोव्यात बनलेलं यंत्र, बॅटरीवर चालतं, म्हणून तालुक्यापर्यंत पोचलं. उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, रोज, वजनानुसार. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि गोळ्या कंटाळवाण्या होतात. जालना जिल्ह्यात यात एक खास अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गाळपाचा हंगाम चार-सहा महिन्यांचा आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. उचल घेतलेली असते, कोयता मध्येच सोडता येत नाही, आणि फडावरच्या पालात औषध कुठून आणायचं हे माहीत नसतं. अर्धवट उपचारानंतर उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे असू शकतात, आणि एका पालात पाच-सात माणसं झोपतात.

म्हणून मुकादमांना आणि टोळीतल्या प्रत्येकाला एक विनंती. गाडी भरायच्या आधी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला जवळच्या केंद्रात नेऊन थुंकी तपासून घ्या. उपचार चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरला कोणत्या कारखान्यावर चाललो आहोत ते सांगा, म्हणजे ते रुग्णाची नोंद तिकडच्या केंद्राकडे वळवू शकतात. क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदीचा निक्षय क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवा. तो देशातल्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात चालतो, तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे.